फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकायचंय? आधी फाइली मोजा, मग जीबी

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या अंकांचं स्कॅनिंग आम्ही काही जण हौसेनं करतो. वर्षभराचं काम एका लिनक्स मशीनवर साठलं होतं, आणि त्याची एक प्रत बाहेर ठेवायची म्हणून बर्डीच्या बाजारातून आणलेल्या ५०० जीबीच्या पोर्टेबल डिस्कवर ते उतरवायचं होतं. फोल्डर मोजलं, ३३६ जीबी भरलं. डिस्कवर मोकळी जागा पाहिली, ४०५ जीबी. एकोणसत्तर जीबी वर उरतात, म्हणून कॉपी लावली आणि घरी गेलो. सकाळी वाचनालयाचं काम पाहणारे काकाजी स्क्रीनसमोर उभे होते. डिस्क शंभर टक्के भरली होती आणि दोन लाखांहून जास्त फाइली यायच्या राहिल्या होत्या. "भाऊ, तुम्ही तर म्हणाले होते न, बसते म्हणून?" काकाजींचा प्रश्न रास्त होता, आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर नीट शोधून काढलं, आणि पुन्हा असं कोणाचं होऊ नये म्हणून इथे पायरीपायरीनं मांडतो. मुख्य उदाहरण लिनक्सचं आहे, विंडोजवाल्यांसाठी जागोजागी वेगळं सांगितलंय. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करायच्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

घोळ नेमका कुठे झाला

आमच्या फोल्डरमध्ये १२,००० पानं होती. प्रत्येक पानाची साधारण २५ एमबीची टिफ फाइल आणि ३ एमबीची जेपीजी. या झाल्या २४,००० मोठ्या फाइली, मिळून ३२८ जीबी. त्याशिवाय संगणकाची मराठी अक्षरओळख सुधारावी म्हणून प्रत्येक पानाच्या ओळी कापून ठेवल्या होत्या. पानाला सरासरी ३५ ओळी, म्हणजे ४,२०,००० ओळी. प्रत्येक ओळीचं एक छोटं पीएनजी चित्र, साधारण १४,००० बाइटचं, आणि तिचा मजकूर असलेली १५० बाइटची टेक्स्ट फाइल. ८,४०,००० चिल्लर फाइली. या सगळ्यांचे बाइट जोडले तर जेमतेम साडेपाच जीबी होतात. ३२८ च्या शेजारी साडेपाच, त्यांच्याकडे कोण लक्ष देणार? मी तर दिलं नाही.

डिस्क फाइलींना जागा देते ती बाइटच्या मापानं देत नाही. ती ठरावीक आकाराचे तुकडे देते. लिनक्सच्या जगात त्याला ब्लॉक म्हणतात, विंडोजच्या जगात क्लस्टर किंवा ॲलोकेशन युनिट. लग्नात वऱ्हाडाला जानोशाच्या खोल्या वाटून देणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. एका कुटुंबाला एक खोली. कुटुंबात आठ माणसं असोत की नवराबायको दोघंच, खोली पूर्ण जाते. दुसऱ्या घरच्यांना तिच्यात घालता येत नाही. नुसती माणसं मोजून 'दीडशे आहेत, दहाजणांच्या पंधरा खोल्या पुरतील' असा हिशोब केला, तर रात्री अंगणात गाद्या टाकाव्या लागतात. मोजायची असतात कुटुंबं, आणि विचारायचं असतं की खोली केवढी आहे.

आमच्या मशीनवर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) होती, तिची खोली ४ केबीची. १५० बाइटची टेक्स्ट फाइल तिथे ४ केबी घेते. पोर्टेबल डिस्क एक्सफॅट होती. विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या ३२ जीबीपेक्षा मोठ्या एक्सफॅट डिस्कवर क्लस्टर १२८ केबीचा असतो. म्हणजे तीच १५० बाइटची फाइल तिथे १२८ केबी अडवते. एका जीबीत असे ८,१९२ क्लस्टर बसतात. ८,४०,००० ला ८,१९२ नं भागा: १०२ जीबीहून जास्त. साडेपाच जीबीचा माल, १०२ जीबीची जागा.

रात्री काय घडलं असेल ते आता दिसतं. पानांच्या मोठ्या फाइली आधी गेल्या, त्यांनी साधारण ३२९.६ जीबी घेतली. उरली ७५ जीबी. तिच्यात ओळींच्या सहा लाख सतरा हजारांच्या आसपास फाइली बसल्या आणि डिस्क भरली. त्या फाइलींमधला खरा मजकूर होता फक्त चार जीबी.

पहिली पायरी: जिथे जायचंय तिथलं माप विचारा

बहुतेक जण मोजायला सुरुवात मूळ फोल्डरपासून करतात. मी आता उलट करतो. आधी नवी डिस्क जोडायची आणि तिची फाइलसिस्टिम कोणती आणि क्लस्टर केवढा हे पाहायचं. कारण मूळ डिस्कवर फोल्डरनं किती जागा घेतली आहे हा त्या डिस्कचा हिशोब आहे, नव्या डिस्कला तो लागू होत नाही.

लिनक्सवर डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या आज्ञेला -टी हा पर्याय कॅपिटलमध्ये दिला की फाइलसिस्टिमचं नाव दिसतं. क्लस्टरसाठी स्टॅट ही आज्ञा -एफ पर्यायासह, पुढे डिस्क जिथे माउंट झाली आहे, म्हणजे ज्या फोल्डरात दिसते, तो पत्ता. त्यात 'ब्लॉक साइझ' असं लिहून येतं. ४०९६ दिसलं तर ४ केबी, १३१०७२ दिसलं तर १२८ केबी. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये चेकडिस्क (टाइप करताना सीएचकेडीएसके), पुढे ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन. अहवालाच्या शेवटी प्रत्येक ॲलोकेशन युनिटमध्ये किती बाइट आहेत ते येतं. नुसतं चालवलं तर ते फक्त वाचतं, काही बदलत नाही.

नेहमी भेटणारी मापं लक्षात राहतील इतकीच आहेत. ईएक्सटी४ आणि विंडोजची एनटीएफएस साधारणपणे ४ केबी (एनटीएफएस १६ टीबीपर्यंत हेच धरते). एक्सफॅट २५६ एमबीपर्यंत ४ केबी, त्यापुढे ३२ जीबीपर्यंत ३२ केबी आणि त्याहून मोठ्या डिस्कवर १२८ केबी. फॅट३२ मध्ये क्लस्टर डिस्कच्या आकाराप्रमाणे बदलतो, आणि तिथे वेगळीच अडचण आहे: एक फाइल ४ जीबीपेक्षा एक बाइटनं तरी कमी असावी लागते. लग्नाच्या व्हिडिओची सहा जीबीची फाइल फॅट३२ पेनड्राइव्हवर जात नाही ती त्यामुळे, जागा कितीही मोकळी असो.

एनटीएफएसची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अगदी छोटी फाइल, ढोबळमानानं सातशे बाइटच्या आतली, ती वेगळा क्लस्टर न घेता फाइलींच्या मुख्य नोंदवहीतच ठेवते. नोंद मात्र प्रत्येक फाइलीमागे साधारण एक केबीची लागते. आमच्या टेक्स्ट फाइलींसाठी ती एक्सफॅटपेक्षा कितीतरी काटकसरी ठरली असती.

दुसरी पायरी: जीबी कोणता ते ठरवा

डिस्कच्या खोक्यावरचा जीबी म्हणजे १०० कोटी बाइट. विंडोज, आणि लिनक्सवर डीयू (फोल्डर किती जागा घेतं ते मोजणारी आज्ञा) -एच व डीएफ -एच दाखवतात तो जीबी १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइटचा. म्हणून ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, आणि १ टीबीची ९३१. दुकानदारानं फसवलेलं नसतं. मॅक मात्र २००९ पासून खोक्याप्रमाणेच, हजाराच्या हिशोबानं दाखवतो. एकच डिस्क मॅकवर आणि विंडोजवर पाहून दोन आकड्यांची वजाबाकी केली तर हिशोब चुकणारच. डीयू आणि डीएफ दोन्हींना हजाराचा हिशोब हवा असेल तर डीयूला --एसआय आणि डीएफला -एच कॅपिटलमध्ये द्यायचा. कोणताही घ्या, पण दोन्हीकडे एकच घ्या. या लेखात मी १०२४ चा धरलाय.

तिसरी पायरी: मूळ फोल्डरचे तीन आकडे घ्या

एक आकडा पुरत नाही, तीन लागतात.

पहिला, डीयू -एसएच आणि फोल्डरचं नाव. मूळ डिस्कवर आत्ता किती जागा अडली आहे ते कळतं. दुसरा, त्याच आज्ञेत --ॲपरंट-साइझ जोडून. हा फाइलींच्या खऱ्या लांबीचा आकडा, खोल्यांचा नव्हे, माणसांचा. तिसरा, फाइलींची संख्या: फाइंड, फोल्डर, -टाइप एफ, आणि ती यादी पाइपनं डब्ल्यूसी -एल ला. विंडोजवर फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की हे तिन्ही एकाच खिडकीत मिळतात: साइझ, साइझ ऑन डिस्क, आणि किती फाइली व किती फोल्डर. यातलं साइझ ऑन डिस्क हे आत्ताच्या डिस्कवरचं असतं. ते नव्या डिस्कवर जसंच्या तसं लागू पडेल असं समजू नका.

एक सावधगिरी. काही उपफोल्डर वाचायची परवानगी तुमच्याकडे नसेल तर डीयू तिथे 'परमिशन डिनाइड' म्हणून पुढे जातं आणि बेरीज कमी येते. लांबलचक आउटपुटमध्ये ती ओळ नजरेतून सुटते. दुसऱ्याच्या फाइली असतील तर सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावूनच मोजा. आणि फोल्डरच्या आत दुसरी डिस्क माउंट केलेली असेल तर ती मोजणीत येऊ नये म्हणून -एक्स द्या. मात्र मग कॉपी करतानाही तिला वगळायला विसरू नका. आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेतही त्यासाठी -एक्स हाच पर्याय आहे.

आमचे तीन आकडे असे आले: अडलेली जागा ३३६ जीबी, खरी लांबी ३३४ जीबी, फाइली ८,६४,०००. पहिले दोन आकडे इतके जवळ की काही गडबड असेल असं वाटतच नाही. गडबड तिसऱ्या आकड्यात आहे, आणि तोच मी त्या दिवशी पाहिला नव्हता.

चौथी पायरी: नव्या डिस्कवरचा हिशोब

ढोबळ हिशोब तोंडी होतो. क्लस्टरपेक्षा बऱ्याच मोठ्या फाइलींमध्ये शेवटचा क्लस्टर सरासरी अर्धा रिकामा राहतो. म्हणून खऱ्या लांबीत फाइलींची संख्या गुणिले अर्धा क्लस्टर मिळवायचं. आमच्या २४,००० मोठ्या फाइलींना १२८ केबीच्या अर्ध्यानं, म्हणजे ६४ केबीनं गुणलं तर दीड जीबी होते. ३२८ जीबीमागे दीड जीबी, काहीच नाही. क्लस्टरपेक्षा लहान फाइलींना मात्र अर्ध्याचा नियम लावू नका. त्यांना पूर्ण एक क्लस्टर धरा. ८,४०,००० गुणिले १२८ केबी, १०२.५ जीबी. एकूण ४३२ जीबी. आणि आमच्याकडे होती ४०५.

लहानमोठ्या फाइली मिसळलेल्या असतील आणि ढोबळ हिशोबावर भरवसा नसेल तर नेमका हिशोब करता येतो. फाइंडला -टाइप एफ सोबत -प्रिंटएफ द्यायचा, आणि त्याच्या अवतरणात टक्क्याचं चिन्ह, लगेच एस, आणि नव्या ओळीची खूण. यातून प्रत्येक फाइलीचे बाइट एकेका ओळीत छापले जातात. ही यादी पाइपनं ऑक या ओळीओळीवर हिशोब करणाऱ्या आज्ञेला द्या. ऑकमध्ये प्रत्येक ओळीवर करायचं ते असं: आकड्यात क्लस्टर वजा एक मिळवा, क्लस्टरनं भागा, इंट लावून अपूर्णांक काढून टाका, पुन्हा क्लस्टरनं गुणा, आणि बेरजेत घाला. शेवटी बेरीज छापा.

एक फाइल हातानं करून पाहू. १४,००० बाइटचं पीएनजी, क्लस्टर ४,०९६. मिळवल्यावर १८,०९५. भागल्यावर ४.४१, अपूर्णांक टाकून ४. गुणल्यावर १६,३८४ बाइट, म्हणजे चार ब्लॉक. आता तीच फाइल १,३१,०७२ च्या क्लस्टरवर: १४,००० अधिक १,३१,०७१ म्हणजे १,४५,०७१, भागून १.१, म्हणजे १. एक अख्खा क्लस्टर. रिकामी, शून्य बाइटची फाइल या सूत्रात शून्यच येते, आणि ते बरोबर आहे. तिला नोंद लागते, क्लस्टर लागत नाही.

टर्मिनलची सवय नसेल तर बाइटची ती यादी स्प्रेडशीटमध्ये घेऊन शेजारच्या रकान्यात सीलिंग फंक्शन लावा, पहिलं बाइट आणि दुसरं क्लस्टर. एक्सेलमध्ये एका शीटवर १०,४८,५७६ ओळी बसतात, त्याहून जास्त फाइली असतील तर तुकडे करावे लागतील.

फोल्डरही जागा घेतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. एक्सफॅटवर प्रत्येक फोल्डरला किमान एक क्लस्टर लागतो. आम्ही प्रत्येक पानासाठी वेगळं फोल्डर केलं असतं तर १२,००० फोल्डरांचे दीड जीबी आणखी गेले असते.

पाचवी पायरी: फसवणाऱ्या फाइली शोधा

काही फाइली मूळ जागी लहान दिसतात आणि नव्या जागी फुगतात. तिसऱ्या पायरीत खरी लांबी अडलेल्या जागेपेक्षा बरीच जास्त आली, तर यातलं काहीतरी नक्की आहे.

एक प्रकार म्हणजे विरळ फाइली. व्हर्च्युअल मशीनची इमेज १०० जीबीची म्हणून बनवलेली असते, आत भरलेलं असतं १८ जीबी. बाकीची शून्यं मूळ डिस्क साठवतच नाही. कॉपी करताना कोणी ती शून्यं खरोखर लिहिली तर नव्या डिस्कवर पूर्ण १०० जीबी जातात. आरसिंकला -एस कॅपिटलमध्ये, साध्या कॉपीच्या सीपी आज्ञेला --स्पार्स=ऑलवेज दिलं की पोकळी पोकळीच राहते. पण एक्सफॅट आणि फॅट३२ ला विरळ फाइल ठाऊकच नाही, तिथे पूर्ण लांबीच धरायची.

दुसरा प्रकार हार्ड लिंक. रोजचा बॅकअप घेणाऱ्या अनेक साधनांत न बदललेली फाइल पुन्हा साठवत नाहीत, जुन्याच फाइलीला दुसरं नाव जोडतात. डीयू अशी फाइल एकदाच मोजते. तीस दिवसांचे बॅकअप मिळून ५० जीबी दिसतात. ते साध्या सीपी -आर नं दुसरीकडे टाकले की प्रत्येक नाव वेगळी फाइल होतं. आरसिंकला -एच कॅपिटलमध्ये किंवा सीपीला -ए दिल्यास लिंका टिकतात, अर्थात नवी फाइलसिस्टिम त्या मानत असेल तरच. एक्सफॅट मानत नाही. न टिकल्यास किती जागा लागेल हे आधी पाहायचं असेल तर डीयूला -एल द्या, मग ती प्रत्येक नाव वेगळं मोजते.

मूळ डिस्क झेडएफएस किंवा बीटीआरएफएस असून तिथे कॉम्प्रेशन चालू असेल, किंवा एनटीएफएसवर फोल्डर कॉम्प्रेस केलेलं असेल, तर नव्या जागी ते उलगडून जातं. तिथे ॲपरंट-साइझचाच आकडा धरायचा. सिमलिंकांचं (दुसऱ्या फाइलीकडे नुसतं बोट दाखवणाऱ्या नोंदींचं) सोपं आहे, फक्त सीपी किंवा आरसिंकला -एल कॅपिटलमध्ये दिलं तर लिंकेऐवजी तिच्या टोकाची फाइल कॉपी होते हे ध्यानात ठेवा.

सहावी पायरी: नव्या डिस्कची खरी मोकळी जागा

डीएफमध्ये 'साइझ', 'यूज्ड' आणि 'अव्हेल' असे रकाने येतात. पाहायचा तो अव्हेल. साइझमधून यूज्ड वजा करून उत्तर काढू नका, कारण ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. ५०० जीबीच्या डिस्कवर ही २३ जीबी होते. शिवाय फाइलींच्या नोंदींचा तक्ता, म्हणजे आयनोड, आधीच मांडून ठेवलेला असतो; त्याला सात जीबीच्या आसपास जातात. म्हणून नवीकोरी डिस्क ईएक्सटी४ करून पाहिली तर ४६५ ऐवजी ४३५ च्या जवळपासच हाती लागतात. जिच्यावर सिस्टिम नाही, फक्त साठवण आहे, अशा डिस्कवर राखीव जागा कमी करायला हरकत नाही: ट्यून२एफएस, -एम १, पुढे पार्टिशनचं नाव. सिस्टिमच्या डिस्कवर ते करू नका, ती भरली तर लॉगिन व्हायलाही त्रास होतो.

आयनोडचं वेगळं सांगितलंच पाहिजे. ईएक्सटी४ वर फाइलींची कमाल संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, नंतर तिथेच वाढवता येत नाही. नेहमीच्या फॉरमॅटमध्ये १६ केबीमागे एक आयनोड असतो, म्हणजे ५०० जीबीला तीन कोटी. भरपूर. पण कोणी 'मोठ्याच फाइली ठेवायच्या आहेत' म्हणून -टी (कॅपिटलमध्ये) लार्जफाइल देऊन फॉरमॅट केली असेल तर एक एमबीमागे एकच आयनोड मिळतो. ५०० जीबीवर पावणेपाच लाखांच्या आसपास. आमच्या ८,६४,००० फाइली तिथे जाऊच शकल्या नसत्या, आणि गंमत नाही, डिस्कवर बरीच जागा मोकळी असताना 'जागा उरली नाही' असाच संदेश आला असता. डीएफ -आय नं 'आयफ्री' पाहायचं आणि तिसऱ्या पायरीतल्या संख्येशी ताडायचं. फोल्डरांनाही प्रत्येकी एक आयनोड लागतो.

सातवी पायरी: छोटी तालीम

हिशोब झाल्यावरही मी एकदा प्रत्यक्ष करून पाहतो. शंभरेक पानांचं प्रातिनिधिक फोल्डर निवडायचं, मोठ्या फाइली आणि चिल्लर दोन्ही असलेलं. नव्या डिस्कवर डीएफचा आकडा लिहून ठेवायचा, फोल्डर कॉपी करायचं, सिंक ही आज्ञा द्यायची आणि पुन्हा डीएफ. फरकाला पटीनं गुणलं की एकूण अंदाज मिळतो. वहीत दोन आकडे आणि दहा मिनिटं, बस.

डिस्क हाताशी नसेल तर ट्रंकेटनं एक इमेज फाइल बनवून, तिच्यावर तीच फाइलसिस्टिम टाकून आणि लूपनं माउंट करून हेच करता येतं. पण जपून. दोन जीबीच्या इमेजवर एक्सफॅट टाकलं तर क्लस्टर ३२ केबीचा पडतो, १२८ चा नव्हे, आणि तालमीत चित्र चौपट चांगलं दिसतं. एमकेएफएस डॉट एक्सफॅट या आज्ञेला -सी देऊन क्लस्टर स्वतः ठरवा.

आरसिंकची कोरडी फेरीही उपयोगी आहे: -ए, -एन आणि --स्टॅट्स. काहीही न लिहिता किती फाइली, एकूण लांबी किती आणि त्यातली प्रत्यक्षात किती जाणार हे ती सांगते. आधी अर्धवट झालेली कॉपी पुढे न्यायची असेल तेव्हा तर हीच पहिली आज्ञा. मात्र समोरच्या क्लस्टरचा ती विचार करत नाही. आणि एक बारीक गोष्ट: असलेली फाइल बदलताना आरसिंक आधी नवी प्रत शेजारी तात्पुरती लिहिते, मग जुनी हटवते. म्हणून तुमच्या सर्वात मोठ्या फाइलीइतकी जागा नेहमी सुटी ठेवा. वर दहा टक्के. डिस्क काठोकाठ भरायची नाही, हे मी आता कोणाशीही वाद न घालता पाळतो.

बसत नसेल तर

आम्ही तेव्हा दोन वाटा पाहिल्या. एक, डिस्क ४ केबी क्लस्टरनं पुन्हा फॉरमॅट करायची. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीतच ॲलोकेशन युनिट साइझ निवडता येतं. तसं केलं तर ओळींच्या १०२ जीबीचे आठ जीबी होतात. पण डिस्कवर आधीची ६० जीबी होती, ती आधी हलवावी लागली असती. दुसरी वाट टारची, म्हणजे अनेक फाइली एका फाइलीत बांधणाऱ्या आज्ञेची. टार प्रत्येक फाइलीला ५१२ बाइटचं शीर्षक लावते आणि फाइल ५१२ च्या पटीत नेते. म्हणजे खोली अर्ध्या केबीची. आमच्या ८,४०,००० फाइली एका टारमध्ये सव्वासहा जीबीत बसतात. कॉम्प्रेस न करताही. आणि लाखो सुट्या फाइलींपेक्षा एक मोठी फाइल किती झपाट्यानं जाते, ते एकदा पाहिलं की विसरत नाही.

काकाजींना ही दुसरी वाट पटली. "म्हणजे गठ्ठा बांधून ठेवायचा," ते म्हणाले. जुने अंक ते वर्षवार बांधूनच ठेवतात, त्यामुळे आम्हीही ओळी वर्षवार टारमध्ये बांधल्या. एखादा टार बिघडला तर एकाच वर्षाचं नुकसान होईल, आणि हवी ती ओळ काढायला सगळं उलगडावं लागणार नाही.

नावांचं एक राहिलं. मराठीत फाइलींची नावं देणाऱ्यांनी हे वाचाच. ईएक्सटी४ वर नाव २५५ बाइटपर्यंत चालतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, हलंत सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर २५५ चिन्हं चालतात. विंडोजवर ठेवलेलं लांब मराठी नाव लिनक्सच्या डिस्कवर म्हणूनच नाकारलं जातं. उलट दिशेनं जाताना नावातले कोलन, प्रश्नचिन्ह, तारा अडतात. जागेच्या हिशोबाशी याचा संबंध नाही, पण कॉपीनंतर संख्या जुळत नाही तेव्हा कारण अनेकदा हेच असतं.

कॉपी कधी लावायची हेही आपल्याकडे महत्त्वाचं. अनेक पोर्टेबल डिस्कांच्या कागदावर वापरताना भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. आम्ही दुसऱ्यांदा कॉपी रात्री नऊनंतर लावली, डिस्क टेबलावर मोकळी ठेवली, कूलरच्या ओल्या झोतापासून दूर, आणि मशीन इन्व्हर्टरवर. सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं मोठ्या फाइलींना एक तास पुरेल असा अंदाज होता, वीज जाण्याची भीती धरून दोन धरले.

झाल्यावर पडताळणी करताना दोन्हीकडच्या डीयूचे आकडे जुळवत बसू नका, ते जुळणारच नाहीत. फाइलींची संख्या जुळवा. मग आरसिंक -आरसीएन, म्हणजे मजकूर वाचून ताडणारी कोरडी फेरी, सोबत -व्ही. एकही फाइलीचं नाव छापलं गेलं नाही तर प्रत पूर्ण आहे. मग अनमाउंट, आणि दिवा विझल्यावरच केबल.

दुसऱ्या कॉपीनंतरच्या सकाळी डीएफनं दाखवलं: यूज्ड ३९६, अव्हेल ६९. काकाजींनी दोन्ही आकडे आणि फाइलींची संख्या एका चिठ्ठीवर लिहून ती डिस्कच्या पाउचमध्ये घातली.